सांप्रदायिक, जातीय की जमातवादी?

प्रश्न: महेश दत्तानींच्या ‘फायनल सोल्यूशन्स’ या इंग्रजी नाटकावर टिपण लिहितेय. त्यातल्या संघर्षाला काय म्हणावं? सांप्रदायिक, जातीय की पंथीय? आणि पात्रांची ओळख ‘दुहेरी’ की ‘दुभंगलेली’?

उत्तर: ‘पंथीय’ नको. शिया-सुन्नी, कॅथलिक-प्रोटेस्टंट अशा एकाच धर्मातल्या झगड्याला तो चपखल बसतो. इथे हिंदू-मुसलमान समोरासमोर आहेत. ‘जातीय दंगल’ पूर्वी याच अर्थाने सर्रास छापून यायचं, पण आज वाचणाऱ्याला त्यात जातच दिसेल. ‘सांप्रदायिक’ हिंदीच्या वळणाचा. आपल्याकडे संप्रदाय म्हटलं की वारकरी, नाथ, समर्थ आठवतात. गुरुपरंपरेचा मान असलेला हा शब्द दंगलीला जोडलेला मला सहन होत नाही.

मी ‘जमातवादी’ लिहीन. नाटकातल्या हिंदू घराचा कर्ता रमणिक, त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी दंगलीच्या आडून झरीनच्या, म्हणजे रमणिकच्या आईच्या मुसलमान मैत्रिणीच्या, वडिलांचं दुकान जाळलं, कारण त्यांना ते हवं होतं. त्यात धर्मतत्त्वाचा वाद कुठे आला? जमातीच्या नावावर स्वतःची पोळी भाजून घेणं आहे ते.

प्रश्न: पण ‘जमात’ वाचून आदिवासी जमाती डोळ्यांपुढे येतात. शिवाय शब्द फार पुस्तकी वाटतो.

उत्तर: खरंय. म्हणून पहिल्यांदा ‘हिंदू-मुस्लिम जमातवाद’ असं सविस्तर लिहा, पुढे नुसता ‘जमातवाद’. घरातल्या प्रसंगांबद्दल लिहिताना मात्र ‘तेढ’ वापरा. रमणिकची बायको अरुणा, तिच्या स्वयंपाकघरातल्या सोवळ्याला ‘वाद’ शब्द पेलत नाही.

आता ओळख. ‘दुहेरी’त दोन्ही पदर शाबूत असतात, ‘दुभंगलेली’त तडा गेलेला असतो. रमणिकची आई दक्षा, तिचं नाव सासरी हार्दिका झालं, नवरा हरीच्या नावाला जुळावं म्हणून. रंगमंचावर दोघी एकाच वेळी दिसतात, तरुण दक्षा डायरी लिहितेय आणि म्हातारी हार्दिका तेव्हाचाच सल बाळगून बसलीय. तिला ‘दुहेरी’ म्हणता येईल. मिरवणुकीवर दगड भिरकावणारा आणि मग स्वतःचीच किळस आलेला मुसलमान तरुण जावेद दुभंगलेला आहे. त्याचा मित्र बॉबी यातल्या कशातच बसत नाही. तो आपलं मुसलमानपण झाकत आलाय, त्याला ‘ओळख लपवणारा’ असंच सरळ म्हणा.

आणखी एक. जमावाचे तेच पाच नट कधी हिंदू, कधी मुस्लिम मुखवटे घेतात, आणि मुखवटे काठ्यांवर आहेत. त्यामुळे ‘मुखवटा चढवतात’ लिहू नका, ‘धरतात’ लिहा.