पद्मिनीला पुढे डिस्क: पेडल खोल, चाकं गरम

घोडबंदरकर: माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवले, मागे ड्रमच. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) मूळचाच. पेडल अर्ध्याच्या खाली जातं आणि गायमुख घाट उतरल्यावर पुढची चाकं तापतात. घोळ कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) असेल का?

ऐरोलीचा_पाना: बहुधा मास्टरचा. ड्रमच्या मास्टरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो ब्रेकच्या नळीत साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवतो. ड्रमला तो दाब लागतो. डिस्कला पॅड मागे ओढणारी स्प्रिंगच नसते, मग पॅड घासत राहतात. खात्री करायची तर पुढची चाकं जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर ब्लीड निपल (कॅलिपरमधली हवा काढायचं तोंड) किंचित सैल करा. तेल चिळकांडीसारखं उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय.
कॅलिपरला तेलही जास्त लागतं, म्हणून पेडल खोल. डिस्क-ड्रमचा टँडम मास्टर (दोन वेगळ्या सर्किटचा) घ्या. सिंगल सर्किटवर एक होज (तेलाची रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले! मास्टरचा बोअर (आतला व्यास) उगाच मोठा नको, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नसेल तर पेडल दगड होतं.

कोपरी_गॅरेज: आधी निपल बघा. कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले तर निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही ब्लीड केलं तरी निघत नाही. मागच्या ड्रममधले शूजही ॲडजस्ट करा.

घोडबंदरकर: निपल वरच आहे. ते सैल केल्यावर चाक मोकळं झालं. टँडम शोधतो.

ऐरोलीचा_पाना: मग मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (मागचा दाब कमी ठेवणारा) टाका, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. तेल डॉट 4, डॉट 5 नको.