लिलियाना नात्सिर: जोडीदार बदलला तरी जगज्जेतेपद तेच, मग श्रेय कोणाचं?

स्वानंदी (धागाकर्ती)

परवा बॅडमिंटनवेड्या मित्रमंडळींत गप्पा चालल्या होत्या. एक जण अगदी सहज म्हणाला, "रिओचं सुवर्ण खरं तोंतोवी अहमदचं, लिलियाना नात्सिर नुसती नेटपाशी उभी होती." लिलियाना म्हणजे इंडोनेशियाची मिश्र दुहेरीतली खेळाडू, तोंतोवी तिचा रिओ ऑलिंपिकमधला जोडीदार. तेव्हापासून डोकं तडकलंय. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: गेल्या वीस वर्षांत मिश्र दुहेरीत इंडोनेशियाने जे मोठं कमावलं, त्यात सिंहाचा वाटा लिलियानाचा. चार जगज्जेतेपदं आहेत तिच्या नावावर. २००५ ला अॅनाहाइम आणि २००७ ला क्वालालंपूर, ही नोवा विडियान्तोबरोबर. २०१३ ला ग्वांगझू आणि २०१७ ला ग्लासगो, ही तोंतोवीबरोबर. पहिल्या आणि चौथ्या विजेतेपदात बारा वर्षं गेली. मधे गुणपद्धतच बदलली: अॅनाहाइमला पंधराचा खेळ होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा, पुढे एकवीस गुणांची पद्धत आली. जोडीदार बदलला, नियम बदलले, समोरच्या चिनी जोड्यांच्या दोन पिढ्या उलटल्या. बदलली नाही ती फक्त ही बाई.

वर ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा लागोपाठ तीनदा, २०१२, २०१३, २०१४. त्याआधी इंडोनेशियाने तिथे मिश्र दुहेरी जिंकली होती १९७९ मध्ये, ख्रिस्तियन हादिनाता आणि इमेल्दा विगुना यांनी. आणि १७ ऑगस्ट २०१६ चं रिओ. त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, एकही गेम न गमावता, इंडोनेशियाचं मिश्र दुहेरीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. चार वर्षांपूर्वी लंडनहून इंडोनेशियाचे बॅडमिंटनपटू रिकाम्या हाताने परतले होते, हे लक्षात घ्या.

आता बोला.

बॅकहँड

बोलतो. यादी बिनचूक, निष्कर्ष घाईचा.

२००५ साली लिलियाना एकोणीस वर्षांची होती. नोवा सत्तावीसचा, विटा मारिसाबरोबर अथेन्स ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी खेळून आलेला. त्या जोडीत आखणी कोण करत होतं हे वेगळं सांगायला हवं का? नोवा काही घणाघाती स्मॅश मारणारा नव्हता. त्याचं सगळं डोक्याने चालायचं: शटल कुठे ठेवायचं, प्रतिस्पर्ध्याला कोणत्या कोपऱ्यात अडकवायचं, वेग कधी उतरवायचा. एका गुणी पोरीला असा जोडीदार कोवळ्या वयात मिळाला. त्या शिदोरीवर तिने पुढची दहा वर्षं काढली. तुम्ही म्हणता ती बदलली नाही. मी म्हणतो, तिला नोवाने घडवलं.

स्वानंदी

बॅकहँड, शिदोरी दिली हे कबूल. पण ती तोंतोवीला कोणी वाढली? २०१० ला तो तिच्याबरोबर आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, अंगात ताकद भरपूर पण कधी ढेपाळेल याचा नेम नाही. दोन गुण सलग गेले की चेहरा पडायचा. तेव्हा सामने पाहिलेल्यांना आठवत असेल, दोन रॅलींच्या मधे बोलत कायम तीच असायची.

तिरका ड्रॉप

श्रेयाचं वाटप जरा बाजूला ठेवा, ती खेळायची कशी यावर कोणीच बोलत नाहीये.

मिश्र दुहेरीचं पाठ्यपुस्तकातलं तंत्र म्हणजे बाई पुढे, पुरुष मागे. बाईने नेटवर शटल दाबायचं, समोरच्याला वर उचलायला लावायचं, मागून पुरुषाने ठोकायचं. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा पहिला डाव ठरलेला: शटल उंच आणि खोल बाईच्या बाजूला टाका, तिला मागे पळवा, पुरुषाला पुढे ओढा. एकदा जागा उलटल्या की बहुतेक जोड्या विस्कटतात. लिलियानाविरुद्ध हा डाव चालायचा नाही, कारण ती महिला दुहेरीतही मोठी खेळाडू होती. २००८ ची इंडोनेशिया ओपन तिने विटा मारिसाबरोबर महिला दुहेरीत जिंकली आहे. मागे ढकललं तर ती मागून स्मॅश मारायची आणि मग निवांत आपल्या जागी परत यायची.

दुसरा डाव म्हणजे पुरुषाने थेट बाईच्या अंगावर स्मॅश मारणं. तिथे तिचा बचाव नुसतं शटल परत करणारा नव्हता. ती ते सपाट, वेगात, मारणाऱ्याच्याच पायाशी टाकायची. स्मॅश मारणाऱ्याला दुसरा स्मॅश मिळतच नसे.

नेटवर तर विचारूच नका. उंची साधारण १६८ सेंटीमीटर, पण हात इतका लवकर पुढे यायचा की सपाट ड्राइव्ह मधूनच खुडला जायचा. तोंतोवीला मागे एवढी सोपी शटलं मिळायची ती यामुळे. "नेटपाशी उभी होती" म्हणणाऱ्याने एकदा स्वतः नेटपाशी उभं राहून पाहावं.

सांगलीकर

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून क्लबात लावणार आहे. आमच्याकडे रविवारी मिश्र दुहेरी खेळताना पुरुषमंडळी "तू फक्त पुढचं बघ" म्हणतात आणि पुढचंही स्वतःच मारायला धावतात.

खडूस काका

तुम्ही सगळे दोन खेळाडूंत श्रेय वाटताय. तिसऱ्या माणसाचं नाव एकानेही घेतलं नाही, कमाल आहे.

रिचर्ड मैनाकी. अटलांटा १९९६ च्या पुरुष दुहेरीतला सुवर्णविजेता रेक्सी मैनाकीचा भाऊ. जकार्ताच्या चिपायुंग इथल्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात मिश्र दुहेरीचा कारभार वर्षानुवर्षं त्याच्याकडे होता. सिडनी २००० चं रौप्य, त्री कुशारयांतो आणि मिनार्ती तिमुर: त्याचे शिष्य. नोवा-लिलियाना: त्याचे शिष्य. तोंतोवी-लिलियाना: तेही त्याचेच. स्वानंदीताई, बदलली नाही ती फक्त ही बाई म्हणता, पण कोर्टाबाहेरच्या खुर्चीत बसलेला माणूसही बदलला नव्हता.

पुढचा पुरावा. बीजिंग २००८ मध्ये मिश्र दुहेरीच्या शेवटच्या चार जोड्यांत दोन इंडोनेशियाच्या होत्या. नोवा-लिलियाना एक, फ्लांडी लिम्पेले आणि विटा मारिसा दुसरी. २०१६ ची ऑल इंग्लंड कोणी जिंकली? लिलियानाने नाही, प्रवीण जॉर्डन आणि डेबी सुसांतोने. म्हणजे विहीर खोल होती, एकाच रहाटावर पाणी येत नव्हतं.

तिरका ड्रॉप

काका, मैनाकीचा मुद्दा जोरदार आहे. पण त्याच विहिरीतून आलेल्या प्रवीण-डेबीला रिओच्या उपांत्यपूर्व फेरीत कोणी सरळ दोन गेममध्ये हरवलं, तेही सांगा ना!

खडूस काका

सांगतो की. लिलियाना आणि तोंतोवीने. त्याने माझा मुद्दा पडत नाही. वर्गात पहिली कोण हा प्रश्न वेगळा आणि वर्ग चांगला कोणामुळे हा वेगळा.

मनवा

थोडं वेगळं. ती मूळची उत्तर सुलावेसीमधल्या मानादोची. बारा वर्षांची असताना घर सोडून जकार्ताला पीबी तांगकस क्लबात आली, प्राथमिक शाळेनंतर शिक्षण थांबलंच. पुढे सिगारेट कंपनीच्या पीबी जारुम क्लबाकडून खेळली. आपण इथे "केवढी जिद्द" म्हणून टाळ्या वाजवतो. पण बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या ज्या मुलींना पदक मिळालं नाही, त्यांच्यावर धागा कोण काढणार? इंडोनेशियात २०१९ मध्ये यावरून मोठा वाद झाला होता. तिथल्या बालहक्क आयोगाने जारुमच्या निवड चाचण्यांवर आक्षेप घेतला, सिगारेटचं नाव मुलांच्या अंगावर मिरवलं जातं म्हणून. सामान्य लोक मात्र बहुतेक क्लबाच्या बाजूने उभे राहिले.

लिलियानाला कमी लेखायचं नाही. फक्त श्रेयाच्या हिशेबात ही किंमतही धरा.

सांगलीकर

मनवा, मुद्दा रास्त, पण स्वतंत्र धाग्याचा आहे. काढाच, मी येतो.

बॅकहँड

काकांनी अर्धं काम केलं, उरलेलं मी करतो. "सर्वश्रेष्ठ" म्हणायचं तर चिन्यांच्या शेजारी उभं करून बघा. झाओ युनलेई. लंडन २०१२ ला मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि त्याच ऑलिंपिकात महिला दुहेरीचंही. झांग नानबरोबर २०११, २०१४, २०१५ अशी तीन जगज्जेतेपदं. २०१४ च्या इंचॉन एशियाडच्या अंतिम सामन्यात कोण हरलं? तोंतोवी-लिलियाना. २०१५ ची जागतिक स्पर्धा तर जकार्तात, घरच्या प्रेक्षकांपुढे होती, उपांत्य फेरीत पुन्हा याच दोघांनी बाहेर काढलं. एशियाडचं सुवर्ण लिलियानाला कधीच मिळालं नाही. २०१८ ला एशियाड जकार्तातच होतं, तरी कांस्यावर थांबावं लागलं.

आणि रिओचा ड्रॉ. अंतिम फेरीत समोर मलेशियाचे चान पेंग सून आणि गोह लिऊ यिंग, ज्यांना त्यांनी गटातच हरवलं होतं. यापेक्षा सोपा सुवर्णसामना कोणाच्या वाट्याला आलाय?

स्वानंदी

अंतिम सामना सोपा होता, २१-१४, २१-१२, मान्य. पण उपांत्य फेरी विसरलात की सोयीने गाळलीत? समोर झांग नान आणि झाओ युनलेईच होते, तुमचेच, गतविजेते. सरळ दोन गेम, २१-१६, २१-१५. आणि मलेशियाची जोडी अंतिम फेरीत लॉटरी लागून आली नव्हती, चीनच्या शू चेन आणि मा जिनला हरवून आली होती.

शू-मा वरून आठवलं. लंडन २०१२ च्या उपांत्य फेरीत पहिला गेम २३-२१ जिंकूनही तोंतोवी-लिलियाना या शू-मा जोडीकडूनच हरले, नंतर कांस्यही हातचं गेलं. पुढच्याच वर्षी ग्वांगझूला, चीनमध्ये, चिनी प्रेक्षकांसमोर, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तीच जोडी. तिसरा गेम, १८-२० मागे, दोन मॅच पॉइंट समोरच्यांचे. तिथून सलग चार गुण, २२-२०. माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा सामना तोच, रिओ नाही.

बॅकहँड

त्या चार गुणांच्या वेळी कोर्टवर तोंतोवीही होता. कीबोर्डवर हात ठेवताना तेवढं लक्षात असू द्या.

गचीबोली रिटर्न्स

मी हैदराबादला नोकरीला होतो, २००९ ची जागतिक स्पर्धा गचीबोलीला झाली तेव्हा अंतिम सामने प्रेक्षकांत बसून पाहिले. नोवा-लिलियाना विरुद्ध डेन्मार्कचे थॉमस लेबोर्न आणि कामिला रिटर युल. इंडोनेशियाचे सरळ दोन गेममध्ये हरले. वरून बघताना जाणवत होतं की नोवाचे पाय जड झालेत. पुढचा कोपरा तिचाच, पण मागचेही अर्धे फटके तीच घ्यायला धावत होती, आणि ती गेली की पुढे भगदाड. दुहेरीत एकटीने कितीही केलं तरी पुरत नाही, हे तिथे दिसलं. त्यामुळे "वाटा तिचाच" या टोकाला मी जाणार नाही. पण नोवाने तिला घडवलं हेही २००९ मध्ये उलटं वाटायला लागलं होतं, शेवटी ती त्याला सांभाळत होती.

अवनी

एक भाबडा प्रश्न. ती निवृत्त झाल्यावर तोंतोवीचं काय झालं?

स्वानंदी

याच प्रश्नाची वाट पाहत होते! लिलियानाने जानेवारी २०१९ मध्ये जकार्तातल्या इस्तोरा स्टेडियमवर, इंडोनेशिया मास्टर्समध्ये, खेळणं थांबवलं. तिचा निरोपसमारंभ आणि अंतिम सामना एकाच दिवशी. चीनच्या झेंग सीवेई आणि हुआंग याचिओंगकडून तीन गेममध्ये हरली, पण तेहतिसाव्या वर्षी अंतिम फेरीत होती. तोंतोवी त्यानंतर विनी ओक्ताविना कांडावबरोबर खेळला, काही जमलं नाही, २०२० मध्ये त्यानेही रॅकेट ठेवली. लिलियानाला दोन जोडीदारांबरोबर जगज्जेतेपद मिळालं, तोंतोवीला एकीबरोबरच. आणखी काय हवं?

बॅकहँड

आणखी बरंच. तोंतोवी तेव्हा बत्तिशीला टेकला होता आणि कोवळ्या विनीला घेऊन नव्याने सुरुवात करत होता, तीही जेमतेम वर्षभर. लिलियानाला नवा जोडीदार मिळाला तेव्हा ती पंचविशीची होती आणि पुढे आख्खं दशक मोकळं होतं. तोंतोवीला ते दशक द्या, मग तुलना करू.

खडूस काका

हे मात्र बॅकहँडचं बरोबर. वयाचा हिशेब कोणी धरत नाही. प्रवीण जॉर्डनने जोडीदारीण बदलून २०२० ला मेलाती देवा ओक्ताविआंतीबरोबर पुन्हा ऑल इंग्लंड जिंकली, तोही मैनाकीच्याच तालमीतला. त्याच्यावर मात्र धागा नाही.

अवनी

आपली तनिशा क्रास्तो, मूळ गोव्याची, ध्रुव कपिलाबरोबर मिश्र दुहेरी खेळते. तिच्या नेटवरच्या खेळात कधीकधी...

सांगलीकर

अवनी, थांब, तो विषय इथे काढलास तर रात्रभर "आपल्याकडे दुहेरीला किंमतच नाही" सुरू होईल. सगळ्यांना पाठ आहे ते.

तिरका ड्रॉप

रिओनंतरचं एक वर्ष कोणी धरलंच नाही. सुवर्णानंतर खेळाडू साधारण ढिले पडतात. जून २०१७ मध्ये यांनी जकार्तात इंडोनेशिया ओपन जिंकली. ही स्पर्धा त्यांना जोडीने कधीच मिळाली नव्हती, २०११ आणि २०१२ ला अंतिम फेरीत हरले होते. ऑगस्टमध्ये ग्लासगोला झेंग सीवेई आणि चेन चिंगचेन समोर, पहिला गेम १५-२१ असा गेला, पुढचे दोन २१-१६, २१-१५. झेंग तेव्हा वीस वर्षांचा होता, पुढे त्याने याच प्रकारात पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. बत्तिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईने तो वेग झेलला. श्रेय कोणालाही द्या, हा सामना मात्र शोधून बघा.

बॅकहँड

बघितलाय, झकास आहे. पण जाता जाता नोवाचं पुढचं सांगतो. तो मलेशियाच्या मिश्र दुहेरीचा प्रशिक्षक झाला आणि २०२५ ला पॅरिसमध्ये त्याच्या हाताखालची चेन तांग जी आणि तोह ई वेई ही जोडी जगज्जेती झाली, या प्रकारात मलेशियाचं पहिलंच जगज्जेतेपद. नोवा-लिलियाना जोडीत डोकं कोणाचं होतं, हा माझा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न अजून उभाच आहे.

स्वानंदी

नोवा प्रशिक्षक म्हणून मोठा, त्याबद्दल वादच नाही. पण बॅकहँड, तुम्ही २००५ आणि २००७ चं श्रेय नोवाला दिलंत, २०१३ चं तोंतोवीला, काकांनी उरलेलं मैनाकीला. चार विजेतेपदं तीन पुरुषांत वाटून झाली. आता पाचवं काही निघालं तर कळवा, तेवढं तरी तिच्या नावावर लावू.