लॅपटॉप आपला, मग त्याचा सर्किट डायग्राम आपल्याला का नाही?

सातपूरकर: नाशिकच्या एम.जी. रोडवर लॅपटॉप रिपेअरिंगच्या कुठल्याही दुकानात विचारा. चार्जरचे १९ व्होल्ट बोर्डावर येतात, पण पुढे ३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी उठत नाहीत. कुठला आयसी (चिप) कुणाला सिग्नल देतो हे स्केमॅटिकशिवाय, म्हणजे सर्किट डायग्रामशिवाय, कसं कळणार? कंपनी तो देत नाही. मग टेलिग्रामवर फुटलेल्या पीडीएफ शोधायच्या, त्यातही बोर्डाची रिव्हिजन (आवृत्ती) जुळायला हवी. नाहीच जुळली तर ‘मदरबोर्ड बदला’. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किट डायग्राम तर होतेच, बायोसचं (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) सोर्स लिस्टिंगही, म्हणजे पूर्ण कोडही, छापलेलं होतं. आज विकलेल्या प्रत्येक बोर्डाचा स्केमॅटिक जाहीर असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अंबड_एम्बेडेड: साफ असहमत. आयबीएमचं पुढचंही सांगा की! क्लोन (इतर कंपन्यांचे तसेच पीसी) आले, बाजार हातातून गेला आणि २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोवोला विकावा लागला. आम्ही छोटे कंट्रोलर बोर्ड बनवतो, डिझाइन हेच आमचं भांडवल. शिवाय काही चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केल्यावरच मिळते. ती माहिती मी जाहीर केली तर करार मोडतो.

पंचवटी_पीसी: माहिती मिळत नाही हेच मला पटत नाही. इंटेलची हजारो पानांची मॅन्युअल फुकट आहेत. वाचतंय कोण?

गंगापूररोड: @अंबड, एनडीएची अडचण खरी, पण ती चिप कंपन्यांनी निर्माण केलेली. एएमडीने २००७ पासून ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मात्र नूव्हो हा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना रिव्हर्स इंजिनिअरिंग करत, म्हणजे चिप कशी चालते ते उलट शोधून काढत, बसावं लागलं. रास्पबेरी पायच्या आरपी२०४० चिपची सविस्तर डेटाशीट कुणीही उतरवून घेऊ शकतो. रजिस्टर (चिपला हुकूम द्यायच्या जागा) कसे वापरायचे हे सांगितलं म्हणून चिपच्या आतली रचना उघडी पडत नाही.

सातपूरकर: @पंचवटी, ती मॅन्युअल प्रोसेसरवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहेत. चार्जिंगची लाइन मेली तर त्यातलं एक पानही कामाचं नाही.
@अंबड, नक्कल करणारा स्केमॅटिकची वाट बघत नाही. तो बोर्डाचे थर घासतो, स्कॅन करतो आणि लेआउट काढतो. अडतो तो फक्त दुरुस्ती करणारा. आणि बायोस छापलं होतं तरी कॉपीराइट आयबीएमकडेच होता, क्लोन बनवणाऱ्या कॉम्पॅकला स्वतःचं नव्याने लिहावं लागलं. गर्बर फाइली (बोर्ड बनवायला लागणारे लेआउटचे नकाशे) तुमच्याकडेच ठेवा, स्केमॅटिक द्या.

अंबड_एम्बेडेड: गर्बर न देता स्केमॅटिक, यावर बोलता येईल. पण मॉडेल बंद झाल्यावर. आणि डायग्राम बघून कुणी बॅटरीच्या लाइनला भलताच मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा पार्ट) लावला, आग लागली, तर जबाबदार कोण?

सातपूरकर: लावणारा. आज डायग्राम नसताना अंदाजाने पार्ट बसवतात, त्यात धोका जास्त आहे. मॉडेल बंद होईपर्यंत थांबणंही मान्य नाही. वॉरंटी एक वर्षाची असेल, तर तेराव्या महिन्यात बोर्ड दुकानात आल्यावर कारागिराच्या हातात कागद हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती. त्या विषयात स्केमॅटिकची सक्ती यावी, एवढीच माझी मागणी आहे.