मदत हवी आहे: अमेरिकेच्या १३ राज्यांचा मूळ करार ९ राज्यांच्या संमतीने कसा बाजूला सारता आला?

नमस्कार,

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांचा इतिहासाचा अभ्यासगट बसतो आणि सध्या मी त्यांच्याबरोबर अमेरिकी वसाहतींच्या स्वातंत्र्याचा काळ वाचते आहे. ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा, ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने पत्करलेली शरणागती आणि १७८३ चा पॅरिसचा तह, इथपर्यंत मुलांना अडचण आली नाही. (हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौजा त्याच्या बाजूने होत्या, हे समजल्यावर मुले अधिकच रंगून वाचू लागली.) आम्ही अडलो आहोत ते त्यापुढे.

जाहीरनामा निघाल्यापासून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेईपर्यंत जवळजवळ १३ वर्षे गेली. या मधल्या काळातला राज्यसंघाचा करारनामा काँग्रेसने (म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने) नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत केला होता. मात्र मेरीलँडने मान्यता लांबवल्यामुळे तो अमलात यायला १ मार्च १७८१ हा दिवस उजाडला. या करारातील काँग्रेसमध्ये प्रत्येक राज्याला एक मत होते, पण काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, व्यापाराचे नियमन तिच्या हाती नव्हते आणि तिच्या निर्णयांची अंमलबजावणी करणारा स्वतंत्र प्रमुखही नव्हता. सैनिकांचा पगार आणि युद्धाचे कर्ज यांसाठी राज्यांकडे पैसे मागायचे आणि ते येण्याची वाट पाहायची, एवढेच तिला करता येई. आयातीवर ५ टक्के जकात बसवू द्यावी, ही तिची मागणी १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडली. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावे लागले. पुढे १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या नेतृत्वाखाली उठाव केला आणि तो मोडण्यासाठी उभ्या केलेल्या राज्याच्या फौजेला पैसा पुरवला तो बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी.

आता प्रश्न. फेब्रुवारी १७८७ मध्ये काँग्रेसने फिलाडेल्फियाच्या परिषदेला जी संमती दिली, ती केवळ जुन्या करारात दुरुस्ती सुचवण्यापुरती होती. शिवाय कोणताही बदल सर्व १३ राज्यांच्या विधिमंडळांनी मान्य केला पाहिजे, अशी त्या करारातच अट होती. तरीही परिषदेने संपूर्ण नवी राज्यघटना लिहिली आणि ९ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली. एका मुलीने मला विचारले, "ताई, मग हा करारभंग नाही का?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तसेच या व्यवस्थेला मी 'राज्यसंघ' म्हणते आहे. मुले त्यावरून मराठा राज्यसंघाशी तुलना करू लागली आहेत, ती करू द्यावी का?

प्रतिसाद

त्या मुलीचा प्रश्न योग्य आहे आणि माझ्या मते तिला 'जुन्या कराराच्या शब्दांप्रमाणे पाहिले तर होय, हा भंगच होता' असे स्पष्ट सांगावे. त्या काळच्या विरोधकांचाही हाच आक्षेप होता. नव्या घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसन यांनी त्याला दोन उत्तरे दिली: एक, करारातील एका पक्षाने तो मोडला की इतर पक्ष त्यातून मोकळे होतात, आणि राज्यांनी तर तो वारंवार मोडला होता, दुसरे, सरकार बदलण्याचा जनतेचा जो हक्क १७७६ च्या जाहीरनाम्याने सांगितला, तो कोणत्याही करारापेक्षा मोठा आहे. यातले दुसरे उत्तर मला अधिक वजनदार वाटते, कारण नवी घटना विधिमंडळांपुढे न ठेवता प्रत्येक राज्यात त्यासाठीच निवडलेल्या अधिवेशनापुढे ठेवली गेली. अर्थात, ज्यांना तेव्हा 'जनता' म्हटले जात होते त्यांत गुलाम नव्हते, हेही मुलांना सांगावे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना त्यांची मोजणी तीनपंचमांश धरली गेली.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ज्या राज्याने मान्यता दिली नाही, त्याच्यावर घटना लादलेली नव्हती. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर नववे ठरले, तरी व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ इतक्या चुरशीने निकाल लागले. वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली तेव्हा संघात ११ च राज्ये होती. ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आले, पण त्याआधी सिनेटने त्याच्याशी व्यापार बंद करण्याचे विधेयक संमत केले होते. तेव्हा ही संमती कितपत मोकळी होती, याची चर्चा मुलांबरोबर जरूर करावी.

मराठा राज्यसंघाची तुलना जपून करावी. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची सत्ता छत्रपतींच्या नावाने मिळालेल्या सनदा-सरंजामांतून वाढली. समान दर्जाच्या राज्यांनी लिहून सह्या केलेला करार तिथे नव्हता, त्यामुळे तो कोणी व कसा बदलायचा हा प्रश्नही त्या रूपात उभा राहत नाही.

धागालेखिका

मनापासून आभार. येत्या रविवारी मुलांचे दोन गट करून, एकाला ऱ्होड आयलंडची आणि दुसऱ्याला न्यू हॅम्पशायरची बाजू मांडायला सांगणार आहे. ऱ्होड आयलंड नव्या घटनेला इतकी वर्षे का विरोध करत राहिले, त्याच्या कागदी चलनाचा त्यात किती वाटा होता, यावर मराठीत कोणी लिहिले असल्यास कृपया कळवावे.