ऑफिसच्या कामाने मुंबईत येताय? कुठून, कसे, कितीला निघावे (अनुभव धागा)

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून कंपनीच्या कामासाठी एक-दोन दिवस मुंबईत येणारे खूप जण असतात. नकाशावर आठ किलोमीटर दिसतात, म्हणून अर्धा तास धरून निघतात आणि मीटिंगला उशिरा पोचतात. मुंबईत किलोमीटर मोजून उपयोग नाही. वेळ जातो तो गर्दीच्या दिशेमुळे आणि स्टेशन ते ऑफिसचे गेट या शेवटच्या टप्प्यात. रोज हे प्रवास करणाऱ्यांनी इथे लिहावे. प्रवासवर्णन नको, स्टेशन, फलाट, तिकीट, गेट असे नेमके लिहा.

सुरुवात मी करतो. पत्ता हातात आला की तीन गोष्टी विचारून घ्या: जवळचे स्टेशन कोणते, ऑफिस पूर्वेला की पश्चिमेला, आणि आत शिरायचे गेट कोणत्या रस्त्यावर. 'अंधेरी ईस्ट' एवढ्या पत्त्यात चकाला, मरोळ, एमआयडीसी, सीप्झ, साकीनाका सगळे येते आणि प्रत्येकाचे मेट्रो स्टेशन वेगळे आहे.

डोंबिवलीकर

लोकलबद्दल. इंडिकेटरवर चार गोष्टी असतात: गाडी कुठली, वेळ, स्लो की फास्ट, डबे किती. नवीन माणूस पहिल्या दोनच वाचतो. मध्य रेल्वेवर गाडीच्या जागी नुसते 'एस' अक्षर दिसले तर ती कर्जत, 'एन' म्हणजे कसारा, 'के' कल्याण, 'टी' ठाणे, 'ए' अंबरनाथ. तोच 'एस' वेळेच्या पुढे असला तर गाडी स्लो. पश्चिम रेल्वेवर 'ए' म्हणजे अंधेरी. घाईत इथेच घोटाळा होतो. डब्यांची संख्या १२ की १५ हेही बघा, कारण त्यावर तुमचा डबा फलाटावर कुठे येणार ते ठरते.

मध्य मार्गावर फास्ट गाडी सीएसएमटीनंतर साधारणपणे भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी थांबते. काही गाड्या मध्ये मुलुंड-भांडुपही घेतात. पश्चिमेला चर्चगेट, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. हार्बरला फास्ट नाही. सीएसएमटी-ठाणे फास्टने पाऊण तास, चर्चगेट-अंधेरी पस्तीस-चाळीस मिनिटे, सीएसएमटी-पनवेल एक तास वीस मिनिटे धरा. सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या १ आणि २ नंबरवरून सुटतात. ७ पर्यंत लोकल, पुढे १८ पर्यंत लांब पल्ल्याच्या.

सकाळी ८ ते ११ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी ५ ते ९ उत्तरेकडे गर्दी. अंधेरीला उतरायचे असेल तर संध्याकाळी दादरहून विरार फास्ट धरू नका. चढता येईल, पण पुढच्या प्रवाशांच्या रेट्यातून अंधेरीला दारापर्यंत पोचणे अवघड. अंधेरी लोकल किंवा बोरिवली स्लो घ्या, दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील. आणि गाडीत शिरल्यावर पहिल्याच मिनिटाला विचारा, "अंधेरी कुठल्या बाजूला?" लोक नीट सांगतात, आणि दाराकडे सरकायला जागाही करून देतात.

पार्लेकर

वर तिकिटाचे राहिले. सेकंड क्लासचे किमान भाडे ५ रुपये, एसी लोकलचे ३५. कामासाठी येणाऱ्याने गर्दीच्या वेळी फर्स्ट क्लास किंवा एसी घ्यावा. मात्र फर्स्ट क्लास म्हणजे बसायला जागा नव्हे. सकाळी साडेनऊला तिथेही उभेच राहावे लागते, धक्के कमी बसतात इतकेच. फर्स्ट क्लासच्या डब्यावर बाहेरून तिरपे पट्टे असतात. सेकंडच्या तिकिटावर चुकून चढलात तरी भाड्यातला फरक आणि वर २५० रुपये दंड.

मोबाइलवरचे तिकीट स्टेशनच्या आत उभे राहून निघत नाही. जीपीएस तुम्हाला रुळांच्या जवळ दाखवतो आणि ॲप नकार देते. रिक्षात असतानाच काढा. रेलवन ॲपमध्ये आधी वॉलेट भरून ठेवा, कारण गर्दीत यूपीआय अडकते आणि गाडी जाते.

घाटकोपर

पूर्व-पश्चिम जायचे असेल तर रस्ता विसरा. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो १ पूर्ण मार्ग एकवीस-बावीस मिनिटांत कापते. हेच अंतर संध्याकाळी टॅक्सीने एक तास खाते. सकाळी घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीची रांग लांब असते. पंधरा मिनिटे जास्तीची ठेवा आणि बॅग एकच असू द्या, मशीनमधून दोन बॅगा काढण्यात मागची रांग थांबते.

जोडण्या लक्षात ठेवा. मेट्रो १ चे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन आणि मेट्रो ७ चे गुंदवली पुलाने जोडलेले आहे. डी. एन. नगर आणि २ए चे अंधेरी पश्चिमही तसेच. मरोळ नाक्याला मेट्रो १ वरून भुयारी मेट्रो ३ मिळते.

गिरगावकर

मेट्रो ३ बद्दल सविस्तर लिहितो, कारण कामासाठी येणाऱ्याचे मुंबईचे गणित या मार्गाने बदलले आहे. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, पुढे मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशने, भाडे १० ते ७० रुपये. सीप्झ, अंधेरी एमआयडीसी, दोन्ही विमानतळ टर्मिनल, बीकेसी, दादर, वरळी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन हे सगळे एका मार्गावर. म्हणजे विमानाने आलेला माणूस टी-२ ला उतरून रस्त्यावर न येता नरिमन पॉइंटच्या बाजूला पोचतो.

अडचणी दोन. एक, भुयारात मोबाइल नेटवर्क मिळेलच असे नाही. तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट ठेवा. मीटिंगचा पत्ता, गेटवरच्या माणसाचा नंबर हेही आधी उतरवून घ्या, खाली गेल्यावर मेल उघडत नाही. दोन, स्टेशने खोल आणि लांब आहेत. फलाटावरून रस्त्यावर यायला पाच-सात मिनिटे लागतात. चुकीच्या दारातून वर आलात तर मोठा चौक ओलांडायची वेळ येते, म्हणून आत लावलेला दारांचा नकाशा बघूनच सरकता जिना निवडा.

एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी) कार्ड असेल तर तिकिटाचा प्रश्नच मिटतो. नसेल तर मुंबई वन ॲपवर सगळ्या मेट्रोंची तिकिटे एका जागी निघतात.

कलानगर, वांद्रे पूर्व

बीकेसी हे एक ठिकाण समजू नका. जी ब्लॉकच केवढा मोठा आहे: एनएसई, सेबी भवन, हिरे बाजार सगळे त्यातच. 'बीकेसीला पोचलो' म्हटल्यावरही गेट वीस मिनिटांवर असू शकते. आमंत्रणात ब्लॉकचे अक्षर आणि प्लॉट नंबर मागून घ्या.

वांद्रे पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा मिळते. तीन प्रवासी भरले की निघते, भाडे माणशी. बेस्टची ३१० नंबर वांद्रे पूर्व ते कुर्ला पश्चिम बीकेसीतून जाते. सकाळी साडेनऊला कुर्ल्याची रिक्षा रांग मोठी असते, तेव्हा बस आधी पोचवते. संध्याकाळी ६ ते ८ ॲपची गाडी मागवू नका. ती तीनशे मीटरवर दिसते आणि तिथेच पंधरा मिनिटे उभी असते. तेवढ्यात चालत मेट्रो गाठता येते.

गेटवर सरकारी फोटो ओळखपत्र, मोबाइलवर ओटीपी, फोटो आणि बऱ्याच इमारतींत लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहावा लागतो. त्या नंबराचा फोटो फोनमध्ये ठेवा, रिसेप्शनवर लॅपटॉप उलटा करून बारीक अक्षरे वाचायला नकोत. या सगळ्याला दहा ते वीस मिनिटे. मीटिंग ११ ची असेल तर १०.४० ला गेटवर हवे.

धागाकर्ता

मंत्रालयात काम असणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. तिथे डिजीप्रवेश ॲपवर आधी नोंदणी लागते आणि अभ्यागतांच्या प्रवेशाची वेळ ठरलेली असते. ज्या विभागात काम आहे तिथे आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा.

दादर (पश्चिम)

रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच. त्यापुढे दक्षिणेला फक्त टॅक्सी. रिक्षाचे मीटर २६ रुपयांवर सुरू होते, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ वर, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. हे फेब्रुवारी २०२५ पासूनचे दर आहेत. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट. मीटर खाली पडताना आकडा बघायची सवय लावा.

ॲपच्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ पिन चुकल्याने जातो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या इमारतीला पिन हायवेच्या मुख्य लेनवर पडला, तर चालक सर्व्हिस रोड सोडून पुढे जातो आणि यू-टर्नसाठी दोन-दोन किलोमीटर फिरतो. पिन इमारतीच्या गेटवर बोटाने सरकवून ठेवा.

परळ-लोअर परळच्या ऑफिसांना गाडीने जाणाऱ्यांनी आणखी एक बघावे. प्रभादेवीचा जुना रेल्वे पूल सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाला, सायनचा त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये. आसपासच्या पुलांवर तो सगळा भार येतो. कमला मिलला लोअर परळ किंवा करी रोडहून चालत जाणे सरळ पडते.

ऐरोलीची

ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या आयटी पार्कांना ट्रान्स-हार्बर. ठाण्याला ती ९, १० आणि १०ए वरून सुटते. मुख्य मार्गाच्या फलाटावरून पूल चढून तिथे पोचायला गर्दीत आठ-दहा मिनिटे. ठाण्यात पोचण्याची आणि ट्रान्स-हार्बर सुटण्याची वेळ अगदी लागून धरू नका. पवईला मात्र कांजूरमार्ग स्टेशनहून रिक्षा किंवा बस.

बायकांसाठी: काही महिला डबे ठरावीक वेळेपुरतेच महिलांचे असतात, वेळ डब्यावर लिहिलेली असते. रात्री चोवीस तासांचा डबा बघून चढा, पोलीस त्यातच असतो. रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन १०३. शेवटच्या गाड्या रात्री एकच्या आसपास सुटतात, पण रात्री अकरानंतर शेअर रिक्षाच्या रांगा मोडतात, म्हणून स्टेशनपासून चालत जाता येईल असेच हॉटेल घ्या.

सायन

पावसाळ्यात येणाऱ्यांनी आदल्या रात्री भरतीची वेळ बघावी. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, असे जुळले की पाणी समुद्रात जायला जागा उरत नाही. मग गांधी मार्केट, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात. अंधेरी सबवे तर सगळ्यात आधी बंद होतो. रुळांवर पाणी साचते ते बहुधा सायन-कुर्ला आणि चुनाभट्टीच्या बाजूला. म्हणजे मध्य आणि हार्बर आधी अडकतात, पश्चिम रेल्वे बऱ्याचदा चालू असते. अशा दिवशी मीटिंग भरतीच्या वेळेच्या दोन तास आधी किंवा नंतर मागून घ्या, मुंबईचा माणूस कारण विचारत नाही.

रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही मार्गांवर गाड्या बंद. शनिवारी संध्याकाळी रेल्वेची सूचना वाचा.

विलेपार्ले पूर्व

विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर कोड बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे आहेत. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारचे, एनएमआय म्हणजे पनवेल-उलव्याकडचे. काम अंधेरीत आणि विमान एनएमआयचे असेल तर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे आणि वेळ दोन्ही रस्त्यात जातात. बेलापूर, वाशी, तळोज्याला काम असेल तर तेच सोयीचे. बीओएममध्येही टी-१ आणि टी-२ वेगळ्या रस्त्यांवर आहेत. मेट्रोची स्टेशनेही दोन आहेत.

हिशेब बघणारा

रिक्षा-टॅक्सीची पावती मिळत नाही. त्याच दिवशी व्हाउचरवर कुठून कुठे, वेळ आणि रक्कम लिहा. उतरताना मीटरचा फोटो काढलात तर अकाउंट्सला शंका राहत नाही. लोकल-मेट्रोचे ॲपमधल्या बुकिंग हिस्टरीचे स्क्रीनशॉट चालतात. स्वतःच्या कारने येणाऱ्यांना दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, अटल सेतूवर मात्र एका फेरीचे २५० रुपये आहेत, ती नोंद फास्टॅगमध्ये मिळते.

शिवाजीनगर, पुणे

परतीचे कोणी लिहिले नाही. दख्खनची राणी सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला सुटते. बीकेसीतल्या ऑफिसातून निघताना असा हिशेब धरा: लिफ्ट आणि गेटवर पास परत करणे दहा मिनिटे, मेट्रो स्टेशनपर्यंत चालणे पंधरा, खाली फलाटापर्यंत पाच, सीएसएमटीपर्यंत अर्धा तास, वर येऊन भुयारी मार्गाने लांब पल्ल्याच्या फलाटापर्यंत पंधरा. सव्वा तास झाला. वर पंधरा मिनिटे हाताशी ठेवली तर ३.४० ला खुर्चीतून उठायला हवे. चार वाजता चहा आला तर गाडी सोडून द्यायची आणि दादरहून शिवनेरी बस धरायची.