पलटणीचा साहेबच न्यायाधीश, हे बरोबर आहे का?

खानापूरकर:
आमच्या भागातली पोरं बेळगावात मराठा सेंटरच्या ग्राउंडवर पळून फौजेत गेलेली. म्हणून मनापासून विचारायलोय. समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे पलटणीतल्या झटपट खटल्यात, सीओ (पलटणीचा कमांडिंग ऑफिसर) एकटाच कोर्ट. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे) बसतात, पण त्यांना मत नाही. जवानाला मदतीला एक 'मित्र' मिळतो. तो सल्ला देणार, कोर्टापुढं बोलणार नाही. शिक्षा वर्षभरापर्यंत कैद, शिवाय बडतर्फी, आणि तीही वरच्या मंजुरीविना लागू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आणलेली ही पद्धत. नौदलात, हवाई दलात नाही. मग आर्मीच्या जवानालाच का?

माजी हवालदार, उचगाव:
भाऊ, मी पोस्टवर रात्री काढल्यात. पहाऱ्यावरचा संत्री झोपला तर अख्खी सेक्शन, म्हणजे तुकडीच, जाते. तिथं तारखा पडत बसल्या तर पलटण चालायची नाही. सीओला पोराचं घरदार ठाऊक असतं, बाहेरच्या जजला काय कळणार? आपल्याच बैलहोंगल तालुक्यातलं बेळवडी बघा. मल्लम्मा देसाईणीला छळलं म्हणून महाराजांनी सखुजी गायकवाडाचे डोळे काढवले, असं सांगतात. वकील बोलावला होता काय?

येळ्ळूरची लेक:
काका, सखुजी सरदार होता! महाराजांचं चिपळूणच्या छावणीचं पत्रही जुमलेदार, हवालदारांना आहे, रयतेचं धान्य, गवत, भाजी जबरदस्तीनं घेऊ नका म्हणून. महाराजांचा धाक वरपासून होता. समरी कोर्टात अधिकारी उभा राहत नाही, सुभेदारही नाही. फक्त हवालदारापर्यंतचे. हे मला सलतं. आमच्या घरातला एक जण असाच परत आला. पेन्शन नाही, गावात मान नाही. त्याची बाजू नीट कुणी ऐकलीच नाही.

माजी हवालदार, उचगाव:
ताई, वाईट वाटलं वाचून. अधिकाऱ्यांचंही जनरल कोर्ट मार्शल होतं, पण तिथं त्यांना वकील मिळतो, हे खरं.

निपाणीचा वकील:
घाईच्या न्यायाची किंमत बघा. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवर ब्रिटिश फौजेनं गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली माफी मिळाली. नव्वद वर्षांनी! आपल्याकडं २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, बडतर्फ जवानाला तिथं दाद मागता येते. आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तरच.

माजी हवालदार, उचगाव:
मग शांततेच्या छावणीत वकील द्या, माझी ना नाही. पोस्टवर मात्र सीओचा हात बांधू नका.

येळ्ळूरची लेक:
आमचा माणूस छावणीतच होता, काका.