‘माय ऑल फ्रेंड्स’ चूक, मग ‘हिज एव्हरी वर्ड’ बरोबर कसे?

सायंवर्ग (प्रश्न)

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना तीन प्रकारची वाक्ये मला वर्षानुवर्षे भेटत आली आहेत: ‘माय ऑल फ्रेंड्स केम’, ‘ही कम्स ऑलवेज लेट’ आणि ‘माय फादर केम यस्टर्डे ओन्ली’. मी लाल शाईने शब्दांची अदलाबदल करते आणि पुढच्या वहीकडे वळते. गेल्या आठवड्यात मात्र नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, शब्द तेच आहेत, अर्थही कळतो, मग जागा चुकली म्हणून गुण का जातात?” ‘माय’नंतर असा शब्द येत नाही, असे मी तिला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी तिने एका गोष्टीतले ‘हिज एव्हरी वर्ड’ हे शब्द माझ्यापुढे ठेवले. माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘असेच म्हणतात’ यापलीकडचे, वर्गात सांगता येईल असे काही कारण आहे का?

फळाखडू

कारण आहे, आणि ते मुलांच्या मराठीतूनच समजावता येते. मराठीत ‘माझे’, ‘सगळे’, ‘ते’, ‘दोन’ हे शब्द बहुतांशी विशेषणासारखे वागतात, त्यामुळे ‘माझे ते दोन मित्र’ आणि ‘ते माझे दोन मित्र’ ही दोन्ही रूपे आपल्याला खटकत नाहीत. इंग्रजीत मात्र नामाच्या पुढे ठरलेली आसने असतात. मधल्या आसनावर ‘द’, ‘अ’, ‘धिस’, ‘माय’ यांच्यापैकी एकच शब्द बसू शकतो. त्याच्या आधीचे आसन ‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’, ‘सच’ यांचे आणि नंतरचे ‘टू’, ‘थ्री’, ‘फर्स्ट’, ‘मेनी’ यांचे. म्हणून ‘माझे दोन मुलगे’ म्हणजे ‘माय टू सन्स’, पण ‘माझे दोन्ही मुलगे’ म्हणजे ‘बोथ माय सन्स’. मराठीत या दोहोंत एका जोडाक्षराचा फरक आहे. इंग्रजीत शब्द ‘माय’ ओलांडून पलीकडे जातो.

मधले आसन एकच असल्यामुळे ‘अ’ आणि ‘माय’ शेजारी बसू शकत नाहीत, आणि ‘माझा एक मित्र’ सांगण्यासाठी इंग्रजीला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ असा वळसा घ्यावा लागतो. मुले लिहितात ते ‘माय वन फ्रेंड’ वाचले की त्या बिचाऱ्याला जगात एकच मित्र आहे, असे वाटू लागते.

आता त्या मुलीचा आक्षेप. तो योग्य आहे. ‘एव्हरी’ सहसा मधल्या आसनावर बसतो, म्हणून ‘द एव्हरी बुक’ होत नाही. पण ‘हिज’, ‘हर’, ‘माय’ अशा स्वामित्वदर्शक शब्दांनंतर त्याला तिसऱ्या आसनावरही जागा मिळते. ‘हर एव्हरी विश’, ‘हिज एव्हरी मूव्ह’ ही शुद्ध इंग्रजी आहे, जरी तिला थोडा ग्रांथिक सूर असला तरी. ‘ऑल’ला ही सवलत नाही. ती का नाही, याचे तर्कशुद्ध उत्तर मी देऊ शकणार नाही. वर्गात मी तो अपवाद म्हणूनच सांगेन, आणि तो शोधून काढल्याबद्दल त्या मुलीला शाबासकी देईन.

मुद्रितशोधक

‘ओन्ली’बद्दल मला लिहायचे आहे, कारण त्या वाक्यात चूक नुसत्या जागेची नसून आपल्या ‘च’ची आहे. शाळेच्या व्याकरणात ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. ज्या शब्दावर भर द्यायचा त्याच्या पाठीला ती चिकटतात: ‘रमेशनेच मला पैसे दिले’, ‘रमेशने मलाच पैसे दिले’, ‘रमेशने मला पैसेच दिले’. विद्यार्थी ‘कालच’ या शब्दाचे दोन तुकडे करतो, दोन्हींचे भाषांतर करतो आणि त्याच क्रमाने मांडतो. त्यातून ‘यस्टर्डे ओन्ली’ तयार होते. इंग्रजीत ‘ओन्ली’ आणि ‘ईव्हन’ साधारणपणे ज्याला लागू पडायचे त्याच्या आधी येतात, म्हणून ‘केम ओन्ली यस्टर्डे’.

पण जागा बदलून भागत नाही, असेही पुष्कळदा होते. ‘मी पुण्याचाच’ या वाक्यातला ‘च’ केवळ दुजोरा देतो, इतर गावे वगळत नाही. त्याचे ‘ओन्ली’ करायचे कारणच नाही. ‘मी सांगितलेच होते’ याचे इंग्रजी ‘आय डिड टेल यू’ असे होईल, तेथे ‘च’चे काम ‘डिड’ करतो.

शिवाय खुद्द इंग्रजांमध्ये या शब्दावरून जुना वाद आहे. ज्यांचे व्याकरण १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले त्या बिशप रॉबर्ट लाउथ यांनी ‘ओन्ली’ नेमक्या शब्दाजवळच हवा, असा आग्रह धरला होता, तर १९२६ मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी अशा काटेकोरांची चेष्टा करून, अर्थाचा घोटाळा होत नसेल तर तो क्रियापदाआधी ठेवण्यास हरकत नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे विद्यार्थ्याने ‘माय फादर ओन्ली केम यस्टर्डे’ असे लिहिले, तर कृपया गुण कापू नका.

लीड्सकर

‘ऑलवेज’चा प्रश्न मागे राहिला आहे. ‘ही इज ऑलवेज लेट’मध्ये तो क्रियापदानंतर येतो आणि ‘ही ऑलवेज कम्स लेट’मध्ये आधी येतो, हे मुलांना लहरी वाटते. येथे इंग्लंडमध्ये मी प्रौढ स्थलांतरितांच्या वर्गाला स्वयंसेवक म्हणून मदत करतो. तेथे एक युक्ती उपयोगी पडते. वाक्याचा प्रश्न करून पाहावा. ‘इज ही लेट?’ असे विचारताना जे क्रियापद उडी मारून पुढे जाते, त्याच्या नंतर ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ठेवावे. ‘कम्स’ला अशी उडी मारता येत नाही, त्याला ‘डझ’ची मदत लागते, म्हणून त्याच्या आधी ठेवावे. साहाय्यक क्रियापदे एकाहून अधिक असतील, तर पहिल्याच्या नंतर: ‘ही हॅज ऑलवेज बीन लेट’. केवळ ठासून उत्तर देताना, ‘येस, ही ऑलवेज इज’, हा क्रम उलटतो.

दुसरे असे, की क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा कोणाला येऊ देत नाही. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ येथे कोणी म्हणत नाही. ‘आय लाइक टी व्हेरी मच’ म्हणतात. आपल्याकडे ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यात कर्ता आणि कर्म कोण हे प्रत्यय सांगतात, त्यामुळे शब्द कसेही फिरवता येतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत; कर्माची ओळख क्रियापदाच्या शेजारी असण्यानेच पटते.

फळाखडू

लीड्सकरांच्या युक्तीला एक जोड देतो. ‘ऑल’ आणि ‘बोथ’ नामाला सोडून निघाले, तर ते बरोबर याच जागी जाऊन बसतात: ‘माय फ्रेंड्स हॅव ऑल लेफ्ट’, ‘दे आर बोथ टायर्ड’. म्हणजे तुमच्या वहीतल्या पहिल्या दोन चुकांची दुरुस्ती एकाच तासात शिकवता येईल.

सायंवर्ग

सर्वांचे आभार. प्रश्न करून पाहण्याची युक्ती मी आज दहावीत वापरली. ‘ऑलवेज’ची बारापैकी दहा वाक्ये बरोबर आली. एक शंका मात्र त्यातूनच निघाली. एका मुलाने ‘आय डोन्ट रिअली नो’ आणि ‘आय रिअली डोन्ट नो’ अशी दोन्ही वाक्ये लिहून कोणते बरोबर, असे विचारले आहे.

लीड्सकर

दोन्ही बरोबर, पण अर्थ निराळे. पहिले म्हणजे ‘मला तसे नक्की माहीत नाही’, दुसरे म्हणजे ‘मला खरेच माहीत नाही’. जो शब्द आधी येतो तो पुढच्याला कवेत घेतो: पहिल्यात नकार ‘रिअली’ला लागतो, दुसऱ्यात ‘रिअली’ नकाराला बळ देते. त्या मुलाला मराठीतले ‘मला फारसे आवडत नाही’ आणि ‘मला मुळीच आवडत नाही’ आठवायला सांगा. तेथे आपण शब्द बदलतो, इंग्रजी येथे जागा बदलते.